पोकाहॉन्टस काउंटीची चाळीस कार्डं: कामाच्या नोंदी

२ ऑगस्ट २०२५, शनिवार

मराठी शाळेच्या प्रश्नमंजुषेचं काम या वर्षी माझ्याकडे आलं. दरवर्षी विषय ठरलेला असतो: किल्ले, संत, नद्या. मुलांना ते पाठ झालंय. बैठकीत मी म्हटलं, पोरं जिथे वाढतायत त्या भागातला एक कोपराही मराठीतून शिकवू या. कुठला कोपरा ते मी आधीच ठरवून गेले होते. वेस्ट व्हर्जिनियातली पोकाहॉन्टस काउंटी, ॲपलाचियन डोंगरांतली. आमच्या घरापासून गाडीने साधारण चार तास.

ठरलेलं असं: चाळीस कार्डं. पुढे एक प्रश्न, मागे उत्तर आणि चार ओळींची गोष्ट. वयोगट ९ ते १४. मंजुषा ४ ऑक्टोबरला.

हीच काउंटी का, हे नोंदवून ठेवते. तिथे ग्रीन बँक नावाचं गाव आहे आणि तिथे जगातली सर्वांत मोठी, पूर्ण फिरवता येणारी रेडिओ दुर्बीण आहे. मी जुन्नर तालुक्यातली, माझं माहेर खोडदच्या जवळ. आमच्या गच्चीवरून जीएमआरटी या तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या डिश दिसतात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला शाळेतून रांगेने चालत तिथे गेलेलो आठवतं. डोंगरांच्या कुशीतलं शेतकऱ्यांचं गाव आणि मधोमध आभाळाकडे तोंड करून उभी दुर्बीण, हे दृश्य मला परकं नाही.

३ ऑगस्ट

पायाची माहिती जमवली. काउंटी १८२१ साली झाली, तेव्हा हा सगळा मुलूख व्हर्जिनियात होता. क्षेत्रफळ सुमारे ९४० चौरस मैल. २०२० च्या जनगणनेत माणसं ७,८६९. आपल्याकडच्या एका मोठ्या गावाएवढी वस्ती, आणि तीही डोंगरदऱ्यांत विखुरलेली. शंभर वर्षांपूर्वी, १९२० च्या सुमारास, इथे १५ हजारांच्या आसपास लोक होते. म्हणजे वस्ती निम्म्यावर आली. हा आकडा एका कार्डावर घालायचाच, पण मुलं लगेच विचारतील, "गेले कुठे?" त्याचं उत्तर कॅस गावाच्या कार्डांत येईल असं वाटतं.

कार्ड १ नावाचं. पोकाहॉन्टस ही पाउहाटन या मूळ अमेरिकन लोकांच्या प्रमुखाची मुलगी, समुद्राकाठच्या व्हर्जिनियातली. १६१७ साली इंग्लंडात वारली. काउंटीला तिचं नाव लागलं त्यानंतर दोनशे वर्षांनी. ती या डोंगरांत राहणारी नव्हती. मुलांनी सिनेमात पाहिलेली पोकाहॉन्टस इथे शोधू नये म्हणून हे पहिलंच कार्ड.

कार्ड २ कोळशाचं. "पोकाहॉन्टस कोळसा" प्रसिद्ध आहे, त्यामुळे तो याच काउंटीतून निघाला असं कुणालाही वाटेल. त्या कोळशाचं नाव व्हर्जिनियातल्या टॅझवेल काउंटीतल्या पोकाहॉन्टस गावावरून आलंय. आपल्या काउंटीचं पोट भरलं ते लाकडावर.

९ ऑगस्ट, राखीपौर्णिमा

नारळीभात झाला, भावाला फोन झाला, मग तासभर बसले.

मार्लिंटन हे काउंटीचं मुख्य गाव. १८९१ पासून कचेरी तिथे, त्याआधी हंटर्सव्हिलला होती. गावाचं जुनं नाव मार्लिन्स बॉटम, म्हणजे मार्लिनचा नदीकाठचा सखल भाग. त्यामागची गोष्ट मुलांना फार आवडेल.

१७४९ साली जेकब मार्लिन आणि स्टीफन सूएल हे दोघं ग्रीनब्रायर नदीच्या काठी येऊन राहिले. ओंडक्यांची झोपडी बांधली. आजूबाजूला मैलोनमैल दुसरं गोरं माणूस नाही. अशा ठिकाणी दोघांचं भांडण झालं, आणि तेही धर्मावरून. सूएल झोपडी सोडून जवळच्याच एका पोकळ सायकमोर झाडाच्या ढोलीत राहायला गेला. १७५१ मध्ये जमीन मोजायला आलेल्या अँड्र्यू लुइसला ते असे वेगवेगळे राहताना सापडले. रोज सकाळी दोघं बाहेर येऊन एकमेकांना नमस्कार करायचे, आणि त्या नमस्कारापुरतंच बोलणं उरलं होतं असं सांगतात.

प्रश्न लिहिला: "काउंटीचे पहिले रहिवासी कोण?" लिहून झाल्यावर अस्वस्थ वाटलं. मार्लिंटनवरून सेनेका वाट जाते, मूळ अमेरिकन लोकांची जुनी पायवाट. आजचा २१९ क्रमांकाचा रस्ता बराचसा तिच्याच मागावरून गेलाय. पायवाट होती म्हणजे चालणारी माणसं होती. शॉनी लोक या रानात शिकार करत. तेव्हा "पहिले रहिवासी" हे शब्द खोटे ठरतात. प्रश्न बदलला: "१७४९ मध्ये आलेल्या कोणत्या दोन गोऱ्या वसाहतकारांपैकी एक जण झाडाच्या ढोलीत राहिला?" प्रश्न लांबला, पण खरा झाला.

१७ ऑगस्ट

सासूबाई दोन महिन्यांसाठी आल्यात, त्यांना कार्डं वाचून दाखवते. एकदा ऐकून त्यांना कळलं नाही तर कार्ड पुन्हा लिहायचं, असा नियम केलाय. आज पर्ल बकचं कार्ड वाचलं.

पर्ल बक यांचा जन्म २६ जून १८९२ चा, हिल्सबरो गावातल्या आजोळच्या घरी. आजोळची मंडळी हॉलंडहून आलेली. आईवडील चीनमध्ये मिशनरी. तिथे त्यांची काही मुलं आजारपणात गेली होती, म्हणून हे बाळंतपण मायदेशी केलं. बाळ काही महिन्यांचं झालं आणि सगळे परत चीनला गेले. १९३८ चं साहित्याचं नोबेल त्यांना मिळालं. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या अमेरिकन स्त्री. जन्माचं घर आज संग्रहालय आहे.

आई ऐकत होत्या. "म्हणजे माहेरी आली, बाळंतपण करून सासरी गेली. आपल्यासारखंच की गं," म्हणाल्या. मग मी पुढची ओळ वाचली: देव आनंदच्या 'गाइड'ची जी इंग्रजी आवृत्ती निघाली, तिची पटकथा पर्ल बक आणि दिग्दर्शक टॅड डॅनिएलेव्स्की यांची.

आई ताडकन उठून बसल्या. "वहिदाचा गाइड?"

हो, तोच. आर. के. नारायण यांची कादंबरी, हिंदी चित्रपट विजय आनंदने केला, इंग्रजीचा दिग्दर्शक वेगळा. त्यानंतर अर्धा तास कार्डं बाजूला राहिली आणि आईंनी तो सिनेमा पहिल्यांदा कुठल्या थिएटरात पाहिला, कुणाबरोबर पाहिला, ते सगळं ऐकलं. माझ्या मते या संचातलं हे सर्वांत चांगलं कार्ड आहे. मुलांना नाही, पण त्यांना घेऊन येणाऱ्या आजीआजोबांना त्यातून वेस्ट व्हर्जिनिया जवळची वाटेल.

२१ ऑगस्ट

फक्त युद्धाचं कार्ड. अमेरिकन यादवी युद्धातली ड्रूप माउंटनची लढाई, ६ नोव्हेंबर १८६३. उत्तरेकडून ॲव्हरेल, दक्षिणेकडून एकोल्स. जिंकले उत्तरेचे. वेस्ट व्हर्जिनिया राज्य होऊन पाच महिनेही झाले नव्हते (२० जून १८६३), आणि राज्याच्या भूमीवरची ही शेवटची मोठी लढाई. तीच जागा १९२८ मध्ये राज्याचं पहिलं स्टेट पार्क झाली. एवढं पुरे.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

काम बंद.

३१ ऑगस्ट

चूक सापडली, माझीच. ग्रीन बँकच्या जुन्या दुर्बिणीच्या कार्डावर मी "३०० मीटर" लिहिलं होतं. दुर्बीण ३०० फुटांची होती, म्हणजे ९१ मीटर. लेकीने वाचता वाचता विचारलं, "आई, मग ही आत्ताच्या दुर्बिणीच्या तिप्पट होती का?" सगळी कार्डं मोजमापांसाठी पुन्हा तपासली. आता फूट आणि मीटर दोन्ही लिहिते, आधी जिथे जे मूळ माप आहे ते.

त्या दुर्बिणीची गोष्ट. १९६२ मध्ये उभी राहिली. १९६८ मध्ये क्रॅब तेजोमेघातला पल्सार, म्हणजे गिरक्या घेत रेडिओ ठोके देणारा मृत तारा, तिनेच टिपला. १५ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री ९ वाजून ४३ मिनिटांनी ती कोसळली. वारा नाही, वादळ नाही. सांगाड्यातली सांध्याची एक पोलादी पट्टी तुटली आणि अख्खी तबकडी खाली बसली. कुणालाही इजा झाली नाही. आदल्या दिवशीचं आणि दुसऱ्या सकाळचं असे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले तर विश्वास बसत नाही: एकात आभाळाला भिडलेली जाळी, दुसऱ्यात चुरगळलेल्या तारांचा ढीग.

तिच्या जागी नवी दुर्बीण हवी म्हणून सेनेटर रॉबर्ट बर्ड यांनी पैसा मिळवून दिला. २००० साली लोकार्पण झालं, नाव त्यांचंच. १०० गुणिले ११० मीटरची तबकडी, उंची ४८५ फूट, आणि एवढा सगळा डोलारा १६ पोलादी चाकांवर गोल रुळावरून फिरतो.

६ सप्टेंबर

एक कार्ड काढून टाकलं, त्याचं कारण लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर सांगता येईल.

मार्लिंटनला सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी 'रोडकिल' पाककला स्पर्धा भरते. रस्त्यावर गाडीखाली मरणाऱ्या प्राण्यांपैकी एखाद्याचं मांस पदार्थात हवं अशी अट. प्रत्यक्षात मांस रस्त्यावरून उचललेलं नसतं. गावाची जत्राच ती. गावकरी स्वतः हौसेने करतात, बाहेरून माणसं येतात, चार पैसे मिळतात. त्यात वाईट काही नाही. पण या काउंटीबद्दल बाहेरच्यांनी लिहिलेलं जे जे वाचलं, त्यात दर दुसऱ्या ठिकाणी हे पहिल्या परिच्छेदात येतं. डोंगरातली माणसं म्हणजे अडाणी, विचित्र खाणारी, हे चित्र अमेरिकेत शंभर वर्षं रंगवलं गेलंय. आमच्या मुलांच्या डब्यालाही शाळेत कुणीतरी नाक मुरडलेलं असतं. त्यांनी मराठीत शिकलेली पहिली गोष्ट दुसऱ्याच्या जेवणावर हसण्याची नको. त्या जागी लुईझ मॅकनील यांचं कार्ड घातलं: जन्म १९११, बकाय गाव, याच काउंटीतलं शेतकरी घराणं, १९७९ ते १९९३ वेस्ट व्हर्जिनियाच्या राजकवी.

१३ सप्टेंबर, शनिवार. कॅस

पहाटे पाचला निघालो. मी, नवरा, लेक आणि आई.

कॅस हे कंपनीने वसवलेलं गाव. वेस्ट व्हर्जिनिया पल्प अँड पेपर कंपनीने १९०१ मध्ये इथे रूळ टाकायला घेतले, पुढच्या वर्षी लाकडाची गिरणी सुरू झाली. डोंगरमाथ्यावर रेड स्प्रूस या सूचिपर्णी झाडांचं घनदाट रान होतं. ते तोडायचं, रुळांवरून खाली आणायचं, फळ्या पाडायच्या, उरलेलं कागदाच्या लगद्यासाठी पाठवायचं. कामगारांची पांढरी लाकडी घरं एकाला एक लागून अजून उभी आहेत, पाहुण्यांना भाड्याने मिळतात. पुतळा किंवा कमान इथे शोधूनही सापडत नाही, तरी गाव कुणाचं होतं ते घरांच्या सारखेपणावरून लगेच कळतं. १ जुलै १९६० ला गिरणी बंद पडली. "माणसं गेली कुठे?" याचं निम्मं उत्तर इथे उभं राहिलं की मिळतं. झाडं संपली, गिरण्या मिटल्या, माणसं कामामागे गेली.

आता इंजिन. हे नीट पाहून लिहायचं ठरवूनच आले होते, कारण कार्डावर "वाफेचं इंजिन" एवढंच लिहिलं तर मुलांच्या डोळ्यांपुढे नेहमीचं कुकगाडीचं इंजिन येईल. हे शे जातीचं. मिशिगनमधल्या इफ्रम शे नावाच्या लाकूडवाल्याने काढलेली रचना. नेहमीच्या इंजिनाला दोन्ही बाजूंना आडवे सिलिंडर असतात आणि लांब दांडे चाकं ओढतात. याचे तिन्ही सिलिंडर उभे, आणि तेही फक्त उजव्या अंगाला. वजन तोलायला बॉयलर थोडा डावीकडे सरकवलेला. समोरून पाहिलं की इंजिन एका खांद्यावर ओझं घेतलेल्या माणसासारखं दिसतं. सिलिंडरांचे दांडे खाली एका लांब दांड्याला फिरवतात, तो चाकांच्या बाहेरून इंजिनाच्या टोकापासून टोकापर्यंत जातो, आणि प्रत्येक चाकाशी दातेरी चक्राने जोडलेला. त्यामुळे सगळीच चाकं ओढतात, एकही नुसतं मागे फरफटत नाही.

मी फलाटाच्या त्या बाजूला उकिडवी बसून पाहत होते. दांडा फिरू लागला, ग्रीस लावलेले दाते एकमेकांत बसत होते, तेलाचा थेंब दात्याच्या टोकावर येऊन चमकायचा आणि पुढच्या दात्यात पुसला जायचा. आवाज इतका भराभर की डोळे मिटले तर गाडी वेगात चाललीय असं वाटावं. डोळे उघडले तर शेजारून चालणारं मूल पुढे जाईल इतकीच चाल. हा सगळा खटाटोप चढासाठी. इथला सर्वांत कठीण चढ ११ टक्क्यांचा, म्हणजे नऊ पावलं पुढे गेलं की जवळजवळ एक पाऊल वर. मधे दोनदा गाडी पुढे जाऊन थांबते, मार्ग बदलते आणि उलटी चढू लागते. बहुतेक चढावर इंजिन डब्यांच्या खालच्या बाजूला, वर ढकलणारं. फायरमन थांबून थांबून कोळसा टाकत होता. फावडं आत गेलं की भट्टीचा नारिंगी उजेड त्याच्या हनुवटीपर्यंत यायचा. आईंच्या पांढऱ्या साडीवर काजळीचे ठिपके पडले, त्यांनी ते झटकले नाहीत.

कॅसचं पाच नंबरचं शे इंजिन १९०५ मधलं आहे आणि अजून कामावर आहे. इथलंच सहा नंबरचं १९४५ मधलं, कारखान्यातून निघालेलं अगदी शेवटचं शे. दोन्ही एका कार्डावर घेतली.

माथ्यावरच्या स्प्रूस गावाचंही कार्ड केलं. ३,८५३ फुटांवर, तिथे जायला रस्ताच नव्हता, फक्त रूळ. दळण, डॉक्टर, टपाल, पाळण्यातलं मूल, सगळं रेल्वेने. आज तिथे घर उरलेलं नाही.

१४ सप्टेंबर, रविवार. ग्रीन बँक

ज्यासाठी आले ते ठिकाण.

दुर्बीण दिसायच्या आधी मोबाईलवरच्या रेघा गेल्या. ग्रीन बँकभोवती १३,००० चौरस मैलांचा रेडिओ शांतता विभाग आहे, नोव्हेंबर १९५८ पासून. तो व्हर्जिनियात आणि वेस्ट व्हर्जिनियात पसरलाय, थोडासा मेरीलँडमध्येही. या विभागात कायमचा ट्रान्समीटर बसवायचा तर वेधशाळेशी आधी बोलावं लागतं. दुर्बिणीच्या दहा मैलांच्या आत राज्याचा १९५६ चा वेगळा कायदा आहे, तो विजेच्या उपकरणांनाही लागू होतो. इथे एक गैरसमज मोडणारं कार्ड हवंच: "पूर्ण काउंटीत वाय-फाय नाही" हे चूक. मार्लिंटनमध्ये इंटरनेट आहे; स्नोशूच्या स्कीइंगच्या डोंगरावर तर कमी ताकदीच्या अँटेनांचं खास जाळं लावून मोबाईलही चालवलाय. दुर्बिणीच्या जवळ येत जावं तसे नियम कडक होत जातात.

जवळ म्हणजे किती? शेवटच्या टप्प्यात डिझेलचीच गाडी. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी उडते आणि प्रत्येक ठिणगी ही रेडिओ लहरींचा एक ओरडा असतो. डिझेल दाबाने पेटतं, ठिणगी लागत नाही. दुर्बिणीजवळ डिजिटल कॅमेराही चालत नाही, रिळाचा चालतो. लेकीने आयुष्यात पहिल्यांदा रीळ भरलेला कॅमेरा हातात घेतला आणि फोटो काढल्यावर मागची बाजू उलटून पाहिली.

गवताच्या कुरणातून दुर्बीण उभी. पांढरी, आणि आपण समजतो त्यापेक्षा खूप मोठी. बस चालत राहते आणि ती मोठी होतच राहते. खालून गाई चरत होत्या. मला गळा दाटून आला. खोडदच्या डिश ४५ मीटरच्या, पण तीस. त्यांतल्या चौदा मध्यभागी, बाकीच्या सोळा तीन हातांवर, पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात, द्राक्षांच्या आणि उसाच्या मधून. तिथे तीस मिळून एक कान, इथे एकटाच एक.

आवारात जुन्या गोष्टी जपल्यात. ग्रोट रेबरने १९३७ मध्ये इलिनॉयमध्ये स्वतःच्या घराच्या अंगणात बांधलेली मूळ दुर्बीण इथे आणून उभी केलीय. त्याआधी आकाशातून येणारी रेडिओ खरखर पहिल्यांदा ओळखणाऱ्या कार्ल जान्स्कीच्या अँटेनाची प्रतिकृतीही आहे. आणि ८५ फुटी टेटल दुर्बीण: एप्रिल १९६० मध्ये फ्रँक ड्रेक यांनी तिने टाउ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या दोन ताऱ्यांकडे कान लावला, कुणी बोलतंय का ते ऐकायला. कुणी बोललं नाही. पुढच्या वर्षी इथेच जमलेल्या मोजक्या शास्त्रज्ञांपुढे त्यांनी फळ्यावर जे समीकरण मांडलं, ते आज ड्रेक समीकरण म्हणून अकरावी-बारावीची मुलंही ओळखतात.

१४ सप्टेंबर, रात्री

घरी येताच गावी फोन लावला. तिथे सोमवारची सकाळ. तात्या, माझे चुलते, शेतावर निघाले होते. ग्रीन बँकची हकिगत सांगितली: मोबाईल नाही, बिघडलेल्या विजेच्या कुंपणाचा आवाजही दुर्बिणीला त्रास देतो, गाडी घेऊन माणसं आवाज शोधत फिरतात.

"आपल्याकडं बी शोधत्यात की," तात्या म्हणाले. "आन् रेल्वेचं ऐकलंस ना?"

ऐकलंय. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा मार्ग नारायणगावजवळून जायचा होता. विजेवरच्या गाडीने दुर्बिणीच्या कामात व्यत्यय येईल म्हणून तो मार्ग अडला. किती वर्षं आमचे लोक त्या रेल्वेची वाट पाहतायत.

"तुला काय वाटतं तात्या?"

"पोरी, दुर्बीण बी आपलीच हाय आन् टमाटे बी आपलेच हायत. दोन्ही चांगलं व्हावं असं काढा म्हनावं काहीतरी." थोडा वेळ थांबून म्हणाले, "पण तिकडच्या लोकांनी येवढी वर्सं सोसलंय ते तुझ्या कार्डावं लिही. नुसती दुर्बिणीची उंची नको लिहू."

खरं आहे ते. माझ्या कार्डांत दुर्बिणीवर सात प्रश्न होते आणि तिच्याभोवती राहणाऱ्यांवर एकही नाही.

२० सप्टेंबर

तीन कार्डं नवी लिहिली.

कार्ड २९: ग्रीन बँकच्या दरीत वेधशाळा का आली? चारही बाजूंना डोंगर, त्यामुळे शहरांच्या रेडिओ लहरी अडतात. आणि वस्ती तुरळक. मागे चार ओळी: इथले शेतकरी, शिक्षक, अग्निशमन दलाचे स्वयंसेवक साठ-पासष्ट वर्षं कमी आवाजात राहतात. खिशातल्या मोबाईलवर १०० किंवा ९११ लावायची आपली सवय इथे चालत नाही. तारेचा फोन अजून कामाचा. पेशंटला न्यायला निघालेल्या गाडीशी बोलणं ही इथे खरी अडचण आहे, आणि काउंटीत तिच्यावर वाद होत आलेत. विद्युतलहरींनी त्रास होतो असं सांगून बाहेरून राहायला आलेली काही माणसं आहेत. बातम्या त्यांच्याच येतात. मी त्यांच्यावर कार्ड केलं नाही, पिढ्यान्‌पिढ्या इथेच असलेल्यांवर केलं.

कार्ड ३०: खोडद आणि ग्रीन बँक यांनी मिळून काय पाहिलं? २००४ मध्ये जीएमआरटीने एनजीसी १८५१ या तारकागुच्छात एक पल्सार शोधला. सेकंदाला सुमारे दोनशे गिरक्या घेणारा मृत तारा, आणि जोडीदाराभोवतीची त्याची कक्षा काकडीसारखी लांबट. मग ग्रीन बँकच्या दुर्बिणीने त्याच पल्सारच्या ठोक्यांची वेळ मोजत त्याची कक्षा पक्की केली. आमच्या शेताशेजारी ऐकू आलेला ठोका या कुरणात मोजला गेला.

कार्ड ३१: जून २०२३ ची बातमी. विश्वात सगळीकडे भरून राहिलेल्या अतिशय संथ गुरुत्वीय लहरींचा पुरावा जगातल्या अनेक गटांनी एकाच वेळी जाहीर केला. अमेरिकी गटाच्या निरीक्षणांत ग्रीन बँक, युरोपीय गटाबरोबरच्या भारतीय गटाच्या निरीक्षणांत जीएमआरटी. हे कार्ड लिहिताना हात थांबला, कारण गुरुत्वीय लहर चार ओळींत कशी सांगू? शेवटी पल्सारला घड्याळ म्हटलं: आकाशभर टांगलेली खूप अचूक घड्याळं, आणि मधली जागाच ताणली-आकसली की त्यांचे ठोके जराजरा पुढेमागे पोचतात. आईंना एकदा वाचून कळलं. कार्ड पास.

२१ सप्टेंबर

नद्या राहिल्या होत्या. पोकाहॉन्टस काउंटीला "नद्यांचं जन्मस्थान" म्हणतात, आठ नद्या इथे उगम पावतात: ग्रीनब्रायर, गॉली, एल्क, चेरी, क्रॅनबेरी, विल्यम्स, टायगार्ट आणि शेव्हर्स फोर्क. मुलांनी आठही नावं सांगितली तर दोन गुण जास्त. क्रॅनबेरी ग्लेड्सची दलदल एका कार्डात: लाकडी पुलावरून चालत पाहता येते, कीटक खाणारी सनड्यू तिथे वाढते.

पाण्याची दुसरी बाजू: नोव्हेंबर १९८५ मध्ये ग्रीनब्रायरचा पूर मार्लिंटनमध्ये शिरला, जानेवारी १९९६ मध्ये पुन्हा. आणि ज्या रुळांवरून लाकूड बाहेर गेलं, ते रूळ आता नाहीत. त्या जागी ७८ मैलांची चालण्या-सायकलीची वाट आहे, कॅसपासून कॅल्डवेलपर्यंत, ३५ पूल आणि दोन बोगदे.

तोडलेलं रानही परत आलंय. १९२० मध्ये मोनोंगहेला राष्ट्रीय वन झालं, काउंटीचा अर्ध्याहून जास्त भाग आज सरकारी जंगलात आहे. माथ्यावर स्प्रूस पुन्हा काळेकरडे दिसतात.

२८ सप्टेंबर

छपाई. पहिल्या संचात "ळ" जागोजागी फुटला होता, दुकानदाराला फाँट आत बसवून पुन्हा फाइल दिली. दुसरा संच चांगला आला.

४ ऑक्टोबर, शनिवार

मंजुषा झाली. सहा गट, प्रत्येकात चार मुलं.

सूएलच्या ढोलीवर सगळे खूश. एका मुलाने विचारलं, "पावसात काय करायचा?" मला उत्तर देता आलं नाही, दुसऱ्या गटातली मुलगी म्हणाली, "मार्लिनकडे जाऊन नमस्कार करायचा."

पेट्रोलची गाडी दुर्बिणीजवळ का नाही, याचं उत्तर एका दहा वर्षांच्या मुलाने अगदी बरोबर दिलं, ठिणगीसकट. 'गाइड'चा प्रश्न मुलांना आला नाही, मागच्या खुर्च्यांवरून तीन आज्या एकदम ओरडल्या. गुण कुणाला द्यायचे यावर पाच मिनिटं गेली. शेवटी सगळ्या गटांना एकेक दिला.

राहिलेली कामं:

कार्ड १४ मध्ये "बोगदे" ऐवजी "बोगद्ये" छापलंय, बदलायचं.

एका वडिलांनी विचारलं की ४८५ फूट म्हणजे डोळ्यांपुढे काय आणायचं. साधारण ४५ मजली इमारत, असं त्या कार्डावर वाढवायचं.

लेकीचं रीळ धुऊन आलं. चोवीसपैकी एकोणीस फोटो चांगले. एका फोटोत गाई आणि त्यांच्यामागे दुर्बीण. तो कार्ड २९ च्या मागे छापायचा.

दोन संच नारायणगावच्या पत्त्यावर पाठवायचे, एक शाळेला, एक तात्यांना. तात्यांच्या संचात अक्षर मोठं हवं.